शेऱ्याचा रकाना

महाप्याला तिसऱ्या मजल्यावर माझं काम:
दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची
तिसऱ्यांनी दिलेली उत्तरं निवडणं.
तांदळासारखं नाही,
इथे खडा दिसला की कॉम्प्युटरच लाल करतो.
मी फक्त ठरवायचं, चूक आहे की माणूस.

दोन हजार तीनशे सोळा कुटुंबं.
दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर, खाणीच्या कडेची वस्ती.
एक ओळ म्हणजे एक घर.
पाणी: नळ एक, टँकर दोन, शेजारी तीन.
उत्तर नाही: नव्व्याण्णव.
नवराही कधीकधी नव्व्याण्णव.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बहुतेक टॅबवाले तो रिकामा सोडतात,
फार तर ‘ओके’ लिहितात.
हर्षला मढवी, सर्वेक्षक क्रमांक चौदा,
दिवाळे गावची, मी तिला कधी पाहिलेलं नाही,
ती मात्र पदरचं लिहिते.
‘कुलूप. शेजारीण म्हणाली पाचला या. पाचला गेले. कुलूपच. आत रेडिओ चालू.’
‘खोल्या किती यावरून वाद. सासू म्हणते दीड.’
‘मुलगी आठवीत. शाळेत कॉम्प्युटर आहे, त्यावर कापड आहे.
मला विचारलं, हे बटण दाबल्यावर आम्ही कुठे जातो?’

ओळ अकराशे सात.
कस्तुरा विटकर, वय एक्केचाळीस,
आधी खडी फोडणं, आता धुणीभांडी, वाशीत तीन घरं.
महिन्याची शिल्लक: शून्य.
शेरा:
‘बाई म्हणतात शून्याच्या खाली लिही.
टॅब घेत नाही. तीनदा केलं.
बाई हसल्या. म्हणाल्या, बघ गं,
तुझ्या पाटीला उधारी शिकवलीच नाही कुणी.’

मी पुण्याला सरांना मेल केला.
उत्तर आलं, सभ्य, तीन ओळींचं.
किमान आकडा शून्य हे आधीच ठरलंय.
दुसरी फेरीही संपलीय.
शेरे विश्लेषणात धरत नाहीत, काढून पाठवा.

मग आलेख काढला.
शून्यावर सहाशे अकरा घरं,
एकावर एक, एकावर एक.
पाम बीचलासुद्धा एवढा उंच टॉवर नसेल.
फक्त तळघराला परवानगी नाही.

आमच्याच इमारतीत, एक मजला खाली, कर्जाची कंपनी आहे.
त्यांच्या कॉम्प्युटरला शून्याखालचं सगळं कळतं,
पैशापर्यंत, तारखेसकट,
कुणाचा फोन कितीदा उचलला गेला नाही तेही.
त्यांची मुलं आणि आम्ही
एकाच टपरीवर कटिंग पितो.
आमची यंत्रं एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि मी?
कोपरखैरण्याला वन रूम किचन, हप्ता सात तारखेला,
सहा तारखेला बहिणीला फोन.
उद्या हर्षला माझ्या दारात आली,
टॅब छातीशी धरून, चपला बाहेर काढून,
आणि विचारलं, ताई, शिल्लक किती,
तर मी म्हणेन, पाच हजार.
लगेच. न हसता.
माझी ओळ लाल होणार नाही,
कुणी उघडून बघणार नाही.
कस्तुराबाईंसारखं बोलायला
मला अजून बरंच शिक्षण घ्यावं लागेल.

शुक्रवारी रकाना काढला.
फाईल हलकी झाली, पाठवली, पावती आली.

काढण्याआधी एक प्रत ठेवली होती.
नाव सुचेना. सुचलं तेही द्यायचं धाडस होईना.
तेव्हा इलठणपाड्याच्या त्या आठवीतल्या मुलीला
कुणी भेटलंच तर सांगा:
सध्या महाप्याला,
खिडकीकडून दुसरं टेबल,
‘नवीन फोल्डर २’.