पेटी

ठाकुरद्वारच्या बोळात अच्युत मेस्त्रींचा गाळा.
त्यांच्या वेबसाइटचं मी बघते, महिना बाराशे
आणि होईल तितका चहा.

आधी शब्द मोजायचं अवजार उघडलं,
कोण काय टाइप करतं ते.
‘पेटी’ला एप्रिलात उधाण!
मेस्त्री खूश, चष्मा पुसून जवळ आले.
काका, हे हापूस शोधतायत.
बाकीचे मतपेटी, दानपेटी,
आणि एक जण, ‘एक पेटी म्हणजे किती रुपये’.

दुसरं अवजार वेग मोजतं. आकडा लाल.
भात्याचा एकेक फोटो सहा एमबीचा,
पिळून पिळून हलके केले.
तिसऱ्याने तुटक्या लिंका हुंगल्या : एकोणीस.

मेस्त्री समोर पितळी सूर कानशीत होते.
“टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो.
तू कुठे घासतेस?”
शीर्षकात, म्हटलं. ‘हार्मोनियम दुरुस्ती, गिरगाव’.
नकाशावरची टाचणी इस्त्रीवाल्यावर पडली होती,
ती सरकवली.

दोन महिन्यांत चाळिसावरून अकरावर.
म्हणजे दुसरं पान.
“दुसऱ्या पानावर कोण येतं?”
“बोळात कोण येतं?” ते म्हणाले.

मग सर्च कन्सोलमध्ये एक ओळ सापडली,
शुद्धलेखनासकट जशीच्या तशी :
‘हारमोनीयम काळी चार सोडली तरी वाजत रहाते काय करावे’.

मेस्त्रींनी कानस खाली ठेवली.
“हे लिहिलंय आपण कुठे?”
नव्हतं.
“मग घे लिहून.”

रात्री दहापर्यंत सांगत होते,
पेटी कशी कशी बिघडते.