वीस मिनिटांनी मोठी

पाकीट आलं तेव्हा व्येरान मधमाश्यांत होता.
पोस्टमन म्हणाला, कर सही, तूही त्याच घरातली.
केली.
आडनाव तेच, जन्मतारीख तीच,
फक्त मी वीस मिनिटांनी मोठी
आणि मला कुणी बोलावलेलं नाही.

त्याच्या नावाचा अर्थ निष्ठावान.
दुन्या म्हणजे एक पिवळं फळ,
कच्चं खाववत नाही,
कपाटावर ठेवतात, खोलीला वास यावा म्हणून.
सरकारनं बहुधा नावं वाचूनच ठरवलं असावं.

दोन महिने फक्त, झाग्रेबची टीव्हीवाली बाई सांगते,
दातांची डॉक्टरीण सांगते ना, दुखणार नाही, तशी.
दोन महिन्यांत कोबी आंबतो पिंपात,
मोडलेलं हाड सांधतं.
आणि पोरगं?
विचारलं की आई भांडी जोरात आपटते.

शुक्रवारी मिलानच्या गुत्त्यात सगळ्यांनाच मत असतं.
ज्याचे गुडघे तेव्हाही नेमके दुखत होते तो मारिंको म्हणतो,
शिस्त लागेल कार्ट्यांना, अंथरुणाची घडी तरी घालतील.
(व्येरान रोज घालतो. मी घालत नाही.)
औषधांच्या दुकानातली योसिपा विचारते,
बोलावणार कुणाला? अर्धं गाव तर डब्लिनजवळ
मशरूम खुडतंय, त्यांना काय बोटीनं आणणार?
कुणीतरी म्हणतं, पूर्वेकडे बघा जरा, नकाशा बघा.
नकाशा सगळे बघतात.
मग सगळे बाबांकडे बघतात.

बाबा त्या शरदात एकोणीस वर्षांचे होते.
त्यांना पाकीट आलं नव्हतं,
रणगाडेच आले, सरळ मक्यातून.
ग्लासाच्या बुडाशी खूप वेळ बघून ते म्हणाले,
"बंदूक भरायला मला एका दुपारी शिकवलं.
शिकवणारा संध्याकाळी नव्हता.
दोन महिने मिळाले असते तर..."
थांबले.
"आमच्यात ब्रांको होता, वर्षभर शिकून आलेला.
तोही नव्हता संध्याकाळी."
उठले, पैसे ठेवले, टोपी विसरले.
त्या दिवसापासून गुत्त्यात हवामानावर बोलतात.

अर्जात एक चौकट आहे:
सदसद्विवेकबुद्धीला पटत नसल्यास इथे खूण करा.
व्येराननं तो शब्द तीनदा वाचला, मोठ्यानं,
दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळला.
पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.
मग नेहमीचं सुरू केलं: मधमाशी एकदाच डंख मारते, आणि मरते.
माझ्या भावाला जगातली कुठलीही गोष्ट
मधमाशीवरून समजावता येते.
पण व्येरान, म्हटलं,
तुझ्या पेटीत डंख फक्त बायांना असतो.
नर आयतं खातात, उन्हात भटकतात,
आणि थंडी आली की त्यांना दाराबाहेर ढकलतात.
तो हसला नाही. म्हणाला,
तुला बोलावलं असतं तर गेली असतीस?

हो, म्हटलं.
इतक्या पटकन, की माझी मलाच भीती वाटली.

आई सांगते, त्या वीस मिनिटांत
मी बाहेर येऊन मुठी आवळून कोकलत होते,
आणि त्याला यायचंच नव्हतं.
चिमट्यानं ओढून काढावं लागलं.

चौकट अजून कोरी आहे. पाकीट मिठाच्या बरणीखाली.
तो मला पेट्या दाखवतोय, सतरा आहेत,
कुठली राणी म्हातारी, कुठली तापट,
कुठल्या झाकणाला दगड लागतो वाऱ्यात.
जाळी नीट बांध. धूर बेताचा दे.
हात सावकाश.
घाबरलीस तर त्यांना कळतं, म्हणतो,
आणि स्वतःच दोन पावलं मागे सरतो.