शून्य डेसिबल

ओउलू, नोव्हेंबर. दुपारचे अडीच, आणि खिडकीत उजेड
कोट चढवून निघायच्या बेतात.
ताइमी आली. वय सात. लोकरीची टोपी काढताना
डोक्यावरची चकती सुटली, टोपीतच अडकून राहिली.
तिनं न बघता ती परत जागेवर टेकवली,
चुंबक टक् म्हणाला.
आपण कपाळावरची बट सारतो, तसं.

बंद खोली, भिंतींना करडा स्पंज.
पुढ्यात चार कार्डं: चंद्र, झाड, तोंड, हाड.
आमच्या फिनिशमध्ये कू, पू, सू, लू.
एकाच लांबट धडावर चार डोकी,
आणि गलक्यात डोकंच आधी बुडतं.

दहावर सगळं बरोबर. पाचवरही, एक चूक सोडली तर.
मग मी गलका वाढवते.
गलका म्हणजे आठ माणसं एकदम बोलताना,
आमच्याच विभागात कधीकाळी टेप केलेली.
कोण काय बोलतंय याला महत्त्व नाही,
असं सूचनांच्या कागदावर लिहिलंय.
पण त्यातला एक आवाज पिर्कोचा आहे.
ती अळंबी वाळवायची रीत सांगतेय:
दोरा जाड घे, चुलीच्या फार जवळ नको.
पिर्कोला जाऊन चार वर्षं झाली.
मी तिला दर वेळी शोधते, आणि ती सापडते,
सात जणांतून हाताला धरून बाहेर काढावी तशी.
माझे कान एवढं करतात. फुकट.

ताइमीच्या कानातल्या शंखात बावीस खुंट्या आहेत.
त्यांवरच तिनं सगळं टांगायचं:
आईची हाक, बर्फावरचे बूट,
शाळेच्या जेवणघरातली दोनशे ताटं
आणि त्यांच्यामधून शेजारणीनं सांगितलेलं गुपित.
पालक विचारतात, हिला नक्की कसं ऐकू येतं?
वीस वर्षं मी उत्तर देते आहे.
वीस वर्षं मला माहीत नाही.

शून्यावर आलो. शून्य म्हणजे शब्द आणि गलका
खांद्याला खांदा लावून.
सू. बोट लगेच तोंडावर.
स-ची शीळ गर्दीवरून उडी मारून येते, ती हिला चुकत नाही.
लू. थांबली. हाड. बरोबर.
पू. बोट चंद्रावर.
कू. बोट झाडावर.
पुन्हा पू. बोट हवेतच राहिलं,
मग तिनं स्पीकरकडे पाहिलं, त्या काळ्या जाळीकडे,
जिथं ओठ असायला हवे होते.
"ह्याला तोंड का नाही?"

मी काही बोलले नाही. नियमात बसत नाही.
तिनं चंद्राचं कार्ड उचललं
आणि झाडाच्या कार्डाखाली सरकवलं,
पांढरी कड तेवढी दिसेल असं.
"मागे गेलाय," ती म्हणाली. "दोन्ही आहेत."

तक्त्यात याला रकाना नाही.
पेन धरून बसले. गलका चालूच होता,
पिर्को दोरा ओवत होती.
शेवटी चूक लिहिलं. चूकच होती ती.
मी आकड्याला माया लावली
तर यंत्र चुकीचं जुळवलं जाईल,
आणि जेवणघरात हिच्या वाट्याला अजून कमी येईल.

बाप बाहेर बाकावर. लाकूड कापायच्या गिरणीतला,
डाव्या कानानं स्वतःच जड.
"कुठे अडली?"
"क आणि प."
तो हसला. "ते मीही."

नंतर खिडकीतून दिसले दोघं, पार्किंगमध्ये.
बर्फ पडत होता, पडता पडता सगळ्यांचे आवाज खात होता.
तो वाकला, तिची टोपी कानांवर ओढली, काहीतरी म्हणाला.
काचेआडून मला फक्त ओठ दिसले,
आधी घट्ट मिटलेले, मग उघडलेले.
ताइमीनं हात लांब करून
टोकाचं झाड दाखवलं.
किंवा झाडापलीकडची बस. इथून
दोन्ही एकाच रेषेत येतात.