परवाना माफ

एकोणीसशे बावन्नच्या उन्हाळ्यात आजोबांनी बुलडोझर आणला
आणि नऊ दिवसांत ओढ्याला वळण लावलं,
म्हणजे होती नव्हती ती सगळी वळणं काढून टाकली.
कोणाला विचारलं नाही.
विचारायला कोणी नव्हतंच,
उलट डिझेलचे अर्धे पैसे सरकारनं दिले.
स्वयंपाकघरात तो फोटो अजून आहे:
आजोबा, हात कमरेवर,
मागे फूटपट्टीसारखं पाणी.

टॅलो क्रीक. आमच्या कुरणातून दीड मैल.
सरळ झाला तसा धावायला लागला,
धावायला लागला तसा जमिनीत रुतत गेला.
मी शाळेत असताना गुडघाभर खोल,
नवऱ्याला घेऊन ओरेगनला परतले तेव्हा पुरुषभर.
वरचं गवत करडं पडलं, विहीर खाली गेली.
एका रात्री जेवताना आई थांबली, चमचा हातात तसाच:
'आज एवढं शांत का?'
बेडूक गेले होते.
आज नव्हे, कधीचेच.

सत्तरी उलटल्यावर मी ठरवलं, वाकडं करायचं.
आता मात्र विचारायला पुष्कळ जण होते.
अर्ज एकेचाळीस पानी.
किती घनयार्ड माती हलवणार?
कशासाठी?
दुसरा काही मार्ग तपासून पाहिला का?

रागारागानं कचेरीत फोन लावला.
डोरीन हॅव्हर्सन, नाक चोंदलेलं, आवाज दमलेला.
'कोर्टाचा हुकूम आहे का?
दुसरीकडे दलदल बुजवलीत, त्याची भरपाई?'
नाही.
'म्हणजे स्वखुशीनं करताय?'
हो म्हणाले, आणि का कोण जाणे, लाजले.
'मग एकच पान. स्वखुशीच्या कामाला परवाना माफ.'
शिंकली. 'पण मासे अंडी घालतात त्या महिन्यांत
पाण्यात पाऊल नाही. नकाशा जोडा.
आणि आधीचा फोटो.'

आधीचा म्हणजे कधीचा, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये लायल क्विंटास्केट आला,
त्याच्या जमातीच्या मत्स्यखात्यातून,
सोबत जुनिपरचे चौसष्ट खुंट.
ते पात्रात ठोकले, त्यांत विलोच्या फांद्या विणल्या,
भेगांत चिखल आणि गवत.
टोपली विणतोय असं मी म्हणाले.
'गळकी टोपली,' तो म्हणाला, 'गळलीच पाहिजे.'
कुंपणावर खालच्या शेताचा रेक्स स्टॅडलर.
'माझं पाणी अडवतेस, आर्डिथ.'
'थांबवतेय. अडवत नाही.'
त्याला फरक कळला नाही; खरं तर मलाही नीटसा नाही.
तो रोज सकाळी काठी घालून पाणी मोजायचा
आणि काही न बोलता निघून जायचा.

'माफ' हा शब्द त्या पानावर
तारखेच्या आणि शिक्क्याच्या मधे बसलाय.
मी तो पुन्हा पुन्हा वाचते.
माफ परवाना झाला.
बावन्न सालासाठी त्या पानात रकाना नाही,
असता तर सही कोणी करायची?
बेडकांनी?

तिसऱ्या वसंतात बर्फ वितळलं, पाणी खुंटांमागे तुंबलं,
काठावर चढलं आणि उजवीकडे वळलं,
जिथे मी खणलं नव्हतं,
नकाशात दाखवलं नव्हतं.
म्हणतात ना, वळणाचं पाणी वळणावर.
कोयरीच्या आकाराची एक ओली रेघ
कुरणात उमटली. लायलनं फावडं खुपसून पाहिलं:
खाली जुने गोल गोटे, ओढ्याचेच.
मग बीव्हर आले, आमच्याच फांद्या उपटून
बारा फुटांवर स्वतःचा बांध घातला.
कचेरीला कळवलं. डोरीन निवृत्त झालेली;
नव्या मुलानं विचारलं, 'अर्जदाराचं नाव?'

काल रात्री साडेदहाला रेक्सचा फोन.
'काय चाललंय तुझ्याकडे? झोपू देत नाहीत.'
खिडकी उघडी होती. सुरू होते ते,
बेसूर, निर्लज्ज, शेकड्यांनी.
मी म्हणाले, उद्या तक्रार लिहून दे.
तो बोलला नाही.
फोनही ठेवला नाही.