ठ

वागळे इस्टेट, सोळा नंबरचा रस्ता.
पंपाच्या खोक्यांवर गावाचं नाव हवं होतं.
मी कंपास घेतला, पट्टी घेतली.
ठ म्हणजे गोल, वर दांडी. सोपं.
वीतभर उंच, अंगठ्याएवढी जाड रेघ.

जस्ताचा पत्रा कापत आणला
आणि ठ चं पोट टण्णकन फरशीवर पडलं.
फवारा मारला तर खोक्यावर
नुसता काळा वाटोळा डाग.

पांचाळमामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आतल्याला बाहेरच्यानं धरायला नको?
पूल ठेव. डावीकडे एक, उजवीकडे एक."
ठ दुभंगला:
वर पालथी वाटी, खाली उताणी,
मधे बोटभर काही नाही.
आणि तरी लांबून ठ च.

शिरोरेषाही तोडायची, नाहीतर पत्रा लोंबतो.
र ला कुणाची गरज नाही.
ब च्या पोटात तिरकी रेघ,
दोन तुकडे, दोन्ही पडायला टपलेले.
पिंपांवरच्या 'ज्वलनशील' ला
अख्खी संध्याकाळ गेली.

घरी निघताना मामांनी
बेसनाचा जुना डबा उघडला.
आजवरच्या शिकाऊंची पडलेली पोटं,
व ची, ब ची, ठ ची.
तळाशी एक काळवंडलेलं, कडा ओबडधोबड.
"हे माझं," म्हणाले. "कापूस निर्यात, त्यातलं प."
प ला पोट कुठं असतं, मी विचारलं.
"तेव्हा मला वाटायचं."

माझं त्यांनी सगळ्यांत वर ठेवलं.
झाकण लागेना.