दहा अँपिअर

अंबडच्या पार्किंगमध्ये दुपारी सव्वा वाजता
मागच्या सीटवर, काचेला ओढणी अडकवून,
मी दूध काढते.
लेक साडेचार महिन्यांची, घरी, पाथर्डी फाट्याला.
कंपनीत हिरकणी कक्ष आहे,
दोन महिने त्यात स्टेशनरीचे खोके आहेत.

गाडी भावाने वापरून दिलेली.
गिअरच्या पुढे ते भोक, त्याला आम्ही अजून लायटरच म्हणतो,
घरात कुणी विडीसुद्धा ओढत नसलं तरी.
त्यात दुहेरी जोड. एकीकडे पंप,
दुसरीकडे बाटली गरम करायचं भांडं,
आणि जोडाच्याच पोटात मोबाईल,
कारण मोबाईल असतोच.

मंगळवारी पंप घरघरला आणि थांबला.
गाडीचे दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता.
कुर्ता भिजायला मिनिटही लागलं नाही.

द्वारकेला, पुलाच्या सावलीत, वाल्मीक आहिरे.
पत्र्याची टपरी, वायरींची जाळी, उदबत्ती.
"काय लावलं होतं?"
"चार्जर," मी म्हटलं.
त्याने पंप पाहिला. पंपाबद्दल बोलला नाही.
जोड उचलून हातावर तोलला.
"हा दिसतो लेकुरवाळा, ताई. पण मागे वायर एकच.
एकशेवीस वॅट तिची ऐपत."

किल्ली काढून आधी स्वतःच्या खिशात टाकली,
मग स्टेअरिंगखाली वाकून चिमट्याने फ्यूज उपसला:
लाल, नखाएवढा,
आतली तार मधोमध नाही.

मी म्हटलं, मोठा घाला. वीसचा. पुन्हा तुटायला नको.
तो हसला नाही.
खणातून एक वायर काढली, सिन्नरच्या कुठल्या जीपची,
दहाच्या जागी तीसचा घातलेली.
प्लॅस्टिक गुळाच्या पाकासारखं ओघळून तिथेच थिजलेलं.
"फ्यूज तुटला म्हणजे बिघडला नाही.
तुटायचीच नोकरी असते त्याची."

मग बॅटरी मारून भोकात डोकावला,
लाकडी काडीने उकरलं,
आणि तळहातावर ठेवला
एक रुपया, कडेला काळा.

मी ओळखला.
पंचवटीहून बाळाला घेऊन सासरी निघाले तेव्हा
आईने ओटी भरली, वर हा दिला:
होळकर पुलावर काच खाली कर, गंगेत टाक.
पुलावर मागून हॉर्न, पोरगी रडतेय,
काच अर्ध्यात अडकली.
ठेवला असेल कुठेतरी, असं मी समजले.
गंगेचा रुपया बारा व्होल्टात पडून होता
इतके दिवस, आडवा व्हायची वाट बघत.

"जोड नको. एका वेळी एकच.
गाडी सुरू करताना आधी काढून घ्यायचं, झटका बसतो.
हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका लागला तर बंद.
इंजिन बंद ठेवून वीस मिनिटांच्या वर नाही,
बॅटरी उतरली तर धक्का मारायला माणसं बोलवावी लागतील,
आणि तुम्ही तर..."
तिथे थांबला. दुसरीकडे बघत म्हणाला,
"काम झालं की टोपण लावायचं."

चाळीस रुपये. जास्तीचा एक फ्यूज
वर्तमानपत्राच्या पुडीत, वैद्याने द्यावा तसा.

आज बुधवार. जोड डिकीत.
मोबाईल सतरा टक्के, राहू दे.
पंप चालू आहे, बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत टीटी करतेय.
मधेच मी प्लगला बोटं लावते,
रात्री तिच्या कपाळाला लावते तशी.
कोमट.

तुटलेला फ्यूज पर्समध्येच आहे.
सकाळी साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत शनिवारीही या.
पर्समध्ये पेन शोधताना तो बोटाला टोचला.
पाचच दिवस, मी म्हटलं,
आणि खोके कधी हलवताय?

रुपया अजून माझ्याकडे. त्या पुलावरून जाणं झालेलं नाही.

एकशे दहा मिली.
टोपण लावते.
दोन्हींना.