वाऱ्याचं बलुतं

टाकी नंबर दोनच्या माथ्यावर चढून
मकबूलभाई पितळी दांडी आत सोडायचे.
तळाला टक्क झाल्याशिवाय आकडा बोलायचे नाहीत.
मी खाली शिडीपाशी, वहीत कार्बन सरळ करत,
वडिलांच्या जागेवर नुकतीच लागलेली.
"दोनशे अकरा पॉइंट चार. लिहो, सत्यभामाबाई."

कुलपं दोन. एक किल्ली आमची, एक आबकारीच्या साहेबाची.
साहेब कळंबहून यायचा. त्याची एसटी चुकली
की सगळेच खोळंबायचे:
वाळूजचा वार्निशवाला, अंबाजोगाईचा दवाखाना,
औशाच्या कॉलेजातला बेडूकसुद्धा,
ज्याला बरणीत बुडायला लिटरभर स्पिरिट हवं होतं.

एप्रिलात एकदा
पत्रा असा तापला की चप्पल चिकटावी,
आणि माल सकाळपेक्षा दुपारी दोन बोटं वर.
मी हरखले. साठा वाढला की!
त्यांनी खिशातून थर्मामीटर काढलं.
"फुल्या है, बढ्या नहीं."
मग तक्ता, मग दुरुस्ती,
मग खरा आकडा, कालच्याहून किंचित कमी.

त्या किंचितसाठी वहीत रकाना होता. तूट.
नियमात बसेल तेवढं उडू द्यायची मुभा.
साहेब बाष्पीभवन म्हणायचा.
आम्ही वाऱ्याचं बलुतं.
सुताराचं थांबलं गावात, कुंभाराचं थांबलं,
याचं काही थांबेना.

एका साली मळी इतकी झाली
की खड्डे खणून भरली, माश्यांनी आभाळ काळं.
तिन्ही टाक्या गळ्याशी आल्या आणि गिऱ्हाईक नाही.
वार्निशवाल्याला तेव्हा फोन आम्ही करायचो.
मग ते सोळा साल. मकबूलभाई घरी बसलेले, दांडी माझ्या हातात.
ऊस छावणीत गेला, गुरांच्या दाढांखाली.
मांजराच्या पात्रात पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी आखली.
मी रोज चढायचे. टक्क. कोरडं टक्क.
शून्य लिहायचे. शून्यालाही दोघांची सही लागते.
तुटीचा रकाना तेवढा कोरा राहिला वर्षभर,
वाऱ्यानेही हात राखला म्हणायचा.

आणि वीस साली
ज्याला कोणी विचारत नव्हतं ते स्पिरिट
पाच पाच लिटरच्या कॅनमधून जिल्हाभर.
तहसील, देऊळ, दर्गा, पोलीस नाका.
मकबूलभाईंचा फोन आला. चौतीस वर्षांत
पहिल्यांदा त्यांनी टाकीतलं काही मागितलं,
तेही हाताला चोळायला.
"पण पावती फाडून आण," म्हणाले.
मी रांगेत उभी राहून बाटली घेतली.
दारात ठेवली. त्यांनी खिडकीतून आधी सील पाहिलं.
पावती अजून माझ्याकडे आहे. माणूस नाही.

आता टाक्या नव्या रंगाच्या.
माल पाण्याचा अंशही न ठेवता पेट्रोलात जातो.
एक परिपत्रक येतं, रसाचा करा. दुसरं येतं, करू नका.
साठा एसीच्या खोलीत पडद्यावर हिरवा चमकतो,
दांडीने तिथे कोणीतरी खिडकीचा वरचा खटका काढतो.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा
जुन्या वह्या काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं,
आणि फक्त तुटीच्या रकान्याची बेरीज केली.
सव्वीस वर्षं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जुळली.
एक लाख सत्त्याऐंशी हजार लिटर.
म्हणजे टाकी नंबर दोन, जवळजवळ भरलेली,
आमच्या डोळ्यांसमोरून,
दोन कुलपं लावलेली असताना.

दांडी खटक्यावरून काढून घेतली. चढले.
गुडघा बोलला, त्याला बोलू दिलं.
झाकण उघडून बोट ओलं केलं.
गार. आणि पुसायच्या आत कोरडं.
दांडी सोडली तसा खालून ऑपरेटर ओरडला,
"बाई, स्क्रीनवर आकडा हलतोय! काय करताय?"
"उतरते," म्हटलं.
पण तळ अजून लागायचा होता.